माजी खासदाराने कुठे काय मत दिलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना खासदार पुन्हा तिकीट मागायला लागला, की आमच्याकडे एकाच तऱ्हेची पत्रं येतात: या माणसाने दिल्लीत नेमकं केलं काय, मत कशाला दिलं, कशाला नाही? तेच ते प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. प्रश्नांना क्रमांक आहेत, कारण एका उत्तरातला धागा बरेचदा दुसऱ्यात जातो.

१. आमच्या माजी खासदाराने पाच वर्षांत कोणत्या विधेयकावर काय मत दिलं, याची यादी कुठे मिळेल?

तयार यादी मिळत नाही. बहुतेक विधेयकांच्या बाबतीत ती कोणाला करताही येणार नाही, कारण मतांची नोंदच झालेली नसते. आपल्या संसदेत नेहमीची पद्धत आवाजी मतदानाची. अध्यक्ष प्रस्ताव मांडतात, बाजूचे 'हो' म्हणतात, विरोधातले 'नाही' म्हणतात आणि आवाजावरून अध्यक्ष निकाल सांगतात. कोण ओरडलं, कोण गप्प बसलं, कोण उपाहारगृहात होतं, यातलं काही कागदावर येत नाही.

नावं उमटतात ती मतविभागणी, म्हणजे मतं नावानिशी मोजणं, झाली तरच. ती यादी त्या दिवसाच्या कामकाजाच्या छापील वृत्तांतात असते. तो वृत्तांत संसदेच्या संकेतस्थळावर किंवा संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात सापडतो. म्हणून शोध खासदाराच्या नावाने न करता तारखेने करा. आधी मतविभागणी कोणत्या दिवशी झाली ते काढा, मग त्या दिवसाच्या यादीत नाव बघा.

२. मग मतविभागणी होते तरी कधी?

एखाद्या सदस्याने अध्यक्षांच्या आवाजी निकालाला हरकत घेतली आणि मतविभागणी मागितली, तर. घंटा वाजते, लॉबी रिकाम्या होतात, दारं लागतात आणि प्रस्ताव पुन्हा मताला टाकला जातो. घटनादुरुस्तीला मात्र मतं मोजल्याशिवाय गत्यंतर नाही. अनुच्छेद ३६८ प्रमाणे सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश, अशी दोन्ही गणितं जुळावी लागतात. म्हणून माजी खासदाराच्या नोंदीत घटनादुरुस्त्यांचे दिवस हमखास सापडतात. जीएसटीची घटनादुरुस्ती (राज्यसभा, ३ ऑगस्ट २०१६, २०३ विरुद्ध ०) किंवा आर्थिक दुर्बलांचं आरक्षण (लोकसभा, ८ जानेवारी २०१९, ३२३ विरुद्ध ३) ही त्यातली ठळक.

इथे एक पळवाट आहे. मतविभागणीची मागणी विनाकारण आहे असं लोकसभा अध्यक्षांना वाटलं, तर ते सदस्यांना जागेवर उभं करून नुसती डोकी मोजू शकतात. तेव्हा नावं नोंदली जात नाहीत, असं नियम ३६७ स्पष्टच सांगतो.

आणि मागितली तरी ती होतेच असं नाही. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत कृषी विधेयकं गदारोळात आवाजी मतदानाने मंजूर झाली. विरोधक मतविभागणी मागत होते. सदस्य आपापल्या जागेवर नव्हते, म्हणून ती घेता आली नाही, असं उपसभापतींचं म्हणणं. वाद कोणाच्याही बाजूने सोडवा, परिणाम एकच: त्या दिवशी राज्यसभेत असलेल्या कोणाही माजी खासदाराने या कायद्यांवर काय मत दिलं हे आज नोंदीवरून सांगता येत नाही. शेतकऱ्यांच्या सभेत "मी विरोधात मत दिलं होतं" असं कोणी सांगितलं, तर त्याचं त्या दिवसाचं भाषण मागा. मत मागू नका, ते कागदावर नाहीच.

अविश्वास ठरावांचंही तसंच. २० जुलै २०१८ चा ठराव १२६ विरुद्ध ३२५ असा मोजून फेटाळला गेला. १० ऑगस्ट २०२३ चा ठराव विरोधकांच्या सभात्यागानंतर आवाजी मतदानाने. पहिल्याची नावं आहेत, दुसऱ्याची नाहीत.

३. टीव्हीवर दिसलेला आकडा आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आलेला आकडा जुळत नाही. घोटाळा आहे का?

नाही. लोकसभेत १९५७ पासून मतनोंदणीचं यंत्र आहे, पण कोणाचं बटण लागत नाही, कोणाचं चुकीचं दाबलं जातं. अशांची मतं चिठ्ठ्यांवर घेतात आणि मूळ आकड्यात मिळवतात किंवा दुरुस्त करतात. १७ डिसेंबर २०२४ ला 'एक देश, एक निवडणूक' विधेयक मांडण्यावर मतदान झालं. फलकावर आधी २२० विरुद्ध १४९ दिसलं. चिठ्ठ्या धरून अंतिम आकडा २६९ विरुद्ध १९८ झाला. म्हणून फलकाचा फोटो पुरावा म्हणून कोणी पाठवला, तर तो बाजूला ठेवा आणि छापील वृत्तांत उघडा.

४. व्हिप म्हणजे नक्की काय? तो मोडला की खासदारकी जाते का?

व्हिप म्हणजे पक्षाने आपल्या सदस्यांना काढलेला आदेश: अमुक दिवशी हजर राहा, अमुक बाजूने मत द्या. महत्त्वाच्या मतदानाला निघतो तो तीन ओळींचा, म्हणजे तीनदा अधोरेखित केलेला. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची (पक्षांतरबंदीचा कायदा) आली आणि या आदेशाला दात फुटले. पूर्वपरवानगी न घेता आदेशाविरुद्ध मत दिलं किंवा मत दिलंच नाही, आणि पक्षाने १५ दिवसांत ते माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. निर्णय अध्यक्षांचा किंवा सभापतींचा.

त्या 'माफ केलं नाही' या शब्दांत बरंच राजकारण मावतं. पक्षाने कानाडोळा केला की बंडखोर टिकतो, म्हणून व्हिप मोडणारा प्रत्येकजण घरी गेलेला दिसत नाही. किहोटो होलोहान खटल्यात १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने अनुसूची वैध ठरवली, पण व्हिपची सक्ती सरकारच्या बहुमताच्या किंवा पक्षाच्या मूळ धोरणाच्या प्रश्नांपुरती असावी, असं सुचवलं होतं. पक्षांनी ते फारसं मनावर घेतलं नाही.

५. आमच्या खासदाराची सगळी मतं पक्षासारखीच आहेत. म्हणजे त्यांना स्वतःचं मतच नव्हतं?

असं म्हणणं अन्यायाचं होईल, आणि उलट बाजूने त्यांचं कौतुक करणंही तितकंच पोकळ. १९८५ नंतरच्या खासदाराचं मत बहुतांशी पक्षाचं मत असतं (प्रश्न ४). ते वाचून पक्ष कळतो, माणूस कळत नाही. माणूस शोधायचा तर भाषणात त्याने सरकारी मसुद्याला कुठे टोचलं, कोणती दुरुस्ती सुचवली आणि ती मताला टाकली की मागे घेतली, हे पाहा. दुरुस्ती मागे घेतल्याची नोंदही वृत्तांतात असते. 'मी ती रेटत नाही' या एका वाक्यात कधीकधी अख्खी कारकीर्द दिसते.

६. एकट्यानेच विरोधात मत दिल्याचं उदाहरण आहे का?

आहे, आणि ते आपल्याच मातीतलं आहे. ९ मार्च २०१० ला राज्यसभेत महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती १८६ विरुद्ध १ अशी मंजूर झाली. तो १ म्हणजे शरद जोशी. स्वतंत्र भारत पक्षाचे ते सभागृहातले एकटेच सदस्य, त्यामुळे त्यांना व्हिप काढणारं कोणी नव्हतं.

नुसता आकडा वाचणारा त्यांना बाईच्या विरोधातला माणूस ठरवून मोकळा होईल. पण १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवणारे आणि नंतर 'लक्ष्मीमुक्ती'त बायकांच्या नावे जमीन करा म्हणून गावोगाव सांगणारे तेच होते. त्यांचा आक्षेप राखीव मतदारसंघ दर निवडणुकीत फिरते ठेवण्याच्या पद्धतीवर होता. मत नोंदवलं जातं ते 'हो' किंवा 'नाही', त्यामागचं कारण भाषणात राहतं. तो आक्षेप पटो न पटो, भाषण वाचल्याशिवाय त्या एका मताला नाव देऊ नये.

त्याच दिवसाची दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. विधेयकाला सर्वांत मोठ्याने विरोध करणारे त्या आकड्यात नाहीतच. काही निलंबित झाले होते, त्यांना मार्शलकरवी बाहेर काढलं गेलं. बहुजन समाज पक्षाने सभात्याग केला. म्हणजे १८६ विरुद्ध १ हे विरोधाचं मोजमाप नाही, आत बसून 'नाही' म्हणणाऱ्यांचं आहे. आणि ते विधेयक लोकसभेत अडकून २०१४ साली सभागृह विसर्जित झाल्यावर बाद झालं.

२० सप्टेंबर २०२३ ला लोकसभेत नवं विधेयक ४५४ विरुद्ध २ ने मंजूर झालं. विरोधातले दोघे असदुद्दीन ओवैसी आणि तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील. दिसायला हे जोशींसारखंच एकाकी मत, पण इथे सभागृहातला अख्खा एमआयएम पक्ष या दोघांचा होता आणि दोघांनी पक्षाच्या भूमिकेनुसारच मत दिलं. मुस्लिम आणि ओबीसी महिलांना त्यात वेगळा वाटा नाही, हा त्यांचा मुद्दा.

७. गैरहजर, तटस्थ आणि सभात्याग, तिन्हींचा अर्थ एकच ना?

निकालावर परिणाम कधीकधी एकच होतो, नोंदीत मात्र फरक आहे. तटस्थ राहणारा आत बसून तसं बटण दाबतो, त्याचं नाव यादीत येतं. सभात्याग करणारा आणि घरी राहिलेला, दोघेही यादीत नसतात. त्यातला कोण निषेधाला बाहेर पडला आणि कोण लग्नाला गेला होता, हे वृत्तांतातल्या 'या वेळी अमुक सदस्य सभागृहाबाहेर गेले' अशा ओळीवरून ताडावं लागतं.

तटस्थपणा किती जड पडतो पाहायचं असेल तर ११ मे १९९३ चा दिवस बघा. न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांना पदावरून दूर करण्याच्या प्रस्तावावर लोकसभेत १९६ मतं बाजूने पडली, विरोधात एकही नाही, आणि काँग्रेस पक्षाचे व त्याचे सहकारी असे २०५ सदस्य तटस्थ राहिले. प्रस्ताव पडला. त्या २०५ मधला एखादा माजी खासदार आज "मी त्यांच्या बचावाला मत दिलं नव्हतं" असं म्हणाला, तर अक्षरशः खरंच बोलेल.

८. एकाच पक्षाने दोन सभागृहांत वेगळं केलं, तर खासदाराच्या नावावर काय धरायचं?

प्रत्येकाचं आपापल्या सभागृहातलं. नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाला शिवसेनेच्या खासदारांनी ९ डिसेंबर २०१९ ला लोकसभेत पाठिंबा दिला (३११ विरुद्ध ८०) आणि दोनच दिवसांनी राज्यसभेतले त्यांचे सदस्य मतदानाला थांबले नाहीत. मधल्या काळात मुंबईत महाविकास आघाडीचं नवं सरकार स्थिरावत होतं, हे तारखा शेजारी ठेवल्यावर दिसतं. पक्षाच्या एका ओळीवरून दोन्हीकडच्या माजी खासदारांना एकाच मापाने मोजलं तर एकावर तरी अन्याय होतो.

९. एका मताने सरकार पडलं म्हणतात, त्यात खरंच एका खासदाराचा दोष होता का?

१७ एप्रिल १९९९. वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० ने पडला. बोट नेहमी गिरिधर गमांग यांच्याकडे जातं. ते तेव्हा ओडिशाचे मुख्यमंत्री होते, पण लोकसभेचा राजीनामा दिलेला नव्हता. अध्यक्ष बालयोगी यांनी निर्णय त्यांच्या सद्सद्विवेकावर सोडला, आणि त्यांनी सरकारच्या विरोधात मत दिलं. त्याच यादीत सैफुद्दीन सोझ हेही आहेत. आपला पक्ष नॅशनल कॉन्फरन्स सरकारच्या बाजूला असताना त्यांनी विरोधात मत दिलं आणि पक्षाने त्यांना काढलं. एका मताच्या फरकात विरोधातल्या २७० पैकी प्रत्येकाचं मत 'ते एक' असतं. लक्षात राहतं ते अनपेक्षित ठिकाणाहून आलेलं.

१०. आमचे खासदार लोकसभेचे अध्यक्ष होते, त्यांच्या नावावर मतंच सापडत नाहीत.

सापडणार नाहीत. अनुच्छेद १०० प्रमाणे अध्यक्ष पहिल्या फेरीत मत देत नाहीत, समसमान झालं तरच निर्णायक मत. लातूरचे शिवराज पाटील (अध्यक्ष १९९१ ते १९९६) किंवा मनोहर जोशी (२००२ ते २००४) यांच्या त्या काळाला मतांची पट्टी लावता येत नाही. त्यांचे निर्णय आणि त्यांनी कोणाला बोलू दिलं, ते वाचा.

११. हजेरी ९० टक्के. चांगला खासदार म्हणायचा ना?

हजेरी म्हणजे नोंदवहीतली सही. सहीवर दैनिक भत्ता मिळतो, म्हणून सही करून निघून गेलेलेही त्या ९० टक्क्यांत असतात. उलट, मंत्री नोंदवहीत सहीच करत नाहीत. खासदारांचा हिशेब ठेवणाऱ्या पीआरएस संस्थेच्या तक्त्यात मंत्र्याची हजेरी म्हणूनच कोरी दिसते. मंत्री प्रश्नही विचारत नाहीत आणि खासगी विधेयकही मांडत नाहीत. मधू दंडवते १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री होते. त्या काळात त्यांनी किती प्रश्न विचारले, असं कोणी मोजायला बसलं तर उत्तर शून्य येईल, आणि ते बरोबरही असेल!

पीआरएसचे तक्ते २००९ च्या पंधराव्या लोकसभेपासूनचे आहेत. त्यात मतांचा रकाना नाही. त्याआधीच्या खासदारासाठी प्रश्न १६ पाहा.

१२. हजारभर प्रश्न विचारले, हे तर मोठं काम झालं?

संख्येवर जाऊ नका. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित प्रश्न असतात, त्यांची तोंडी उत्तरं आणि उपप्रश्न होतात, तेही वेळ पुरला तर. अतारांकित २३०, त्यांची फक्त लेखी उत्तरं. दोन्हींची निवड सोडतीने. स्वतःच्या मतदारसंघाबद्दल किती, एकाच उद्योगाबद्दल पुन्हापुन्हा किती, आणि मिळालेल्या उत्तरावर पुढच्या अधिवेशनात पाठपुरावा झाला का, हे बघितलं तर हजारांतले चाळीस प्रश्न हाती उरतात. त्या चाळिसांतून खासदार कळतो.

१३. त्यांची खासगी विधेयकं एकही मंजूर झाली नाहीत. अपयशच ना?

मग जवळजवळ सगळेच नापास. स्वातंत्र्यानंतर फक्त १४ खासगी विधेयकांचे कायदे झाले, शेवटचा १९७० साली. फिरोज गांधींच्या विधेयकातून झालेला, संसदेचं कामकाज छापण्याला संरक्षण देणारा १९५६ चा कायदा त्यातलाच.

मंजूर न झालेल्यांत राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांचं विधेयक आहे. १९६७ च्या गोलकनाथ निकालाने मूलभूत हक्कांना हात लावण्याचा संसदेचा अधिकार काढून घेतला, तो परत मिळावा म्हणून त्यांनी ते मांडलं. त्यांच्या हयातीत ते कायदा झालं नाही. १९७१ च्या २४ व्या घटनादुरुस्तीने नेमकं तेच केलं, सरकारी विधेयक म्हणून. आजचे अनेक नागरी हक्कवाले या बाबतीत नाथ पैंच्या विरोधात उभे राहतील. पण विरोधी बाकावरून एका खासदाराने देशाचा घटनात्मक वाद चालवला, हे मोजायला कुठल्या तक्त्यात रकाना नाही.

१४. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत त्यांनी कोणाला मत दिलं?

कळणार नाही. ते गुप्त मतदान आहे आणि तिथे व्हिप लागू होत नाही. २००७ साली शिवसेनेने आघाडी बाजूला ठेवून प्रतिभाताई पाटील यांना पाठिंबा जाहीर केला. पक्षाची भूमिका ठाऊक आहे, एकेका खासदाराची मतपत्रिका नाही.

१५. पक्ष बदलला, पैसे घेतले अशी कुजबुज आहे. नोंदीवरून काही सिद्ध होतं का?

पैशाचं काही सिद्ध होत नाही. २८ जुलै १९९३ ला नरसिंह राव सरकार अविश्वास ठरावातून २५१ विरुद्ध २६५ ने वाचलं. यादीत फक्त नावं दिसतात, लाचेचं प्रकरण नंतर बाहेर आलं. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने लाच घेऊन मत देणाऱ्यांना अनुच्छेद १०५ चं (सभागृहातल्या भाषण-मतावरून खटला न चालवण्याचं) संरक्षण दिलं होतं. ४ मार्च २०२४ ला सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल रद्द केला.

पक्षांतराचं गणित काळाप्रमाणे बदललं. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीआधी एक तृतीयांश सदस्य फुटले तरी चालत होतं, नंतर फक्त दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाला मुभा राहिली. म्हणून १९९० च्या दशकातला फुटीर आणि अलीकडचा फुटीर यांना एकच कायदा लावू नका. महाराष्ट्रात २०२२ नंतर व्हिप नक्की कोणाचा यावरच भांडण झालं. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की व्हिप (इथे तो आदेश काढणारा प्रतोद) नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे. आणि व्हिप न मोडताही सदस्यत्व जाऊ शकतं: डिसेंबर २०१७ मध्ये शरद यादव यांची राज्यसभेची जागा 'स्वेच्छेने पक्ष सोडला' या कलमाखाली गेली.

१६. १९८५ पूर्वीच्या खासदाराची कारकीर्द लिहायची आहे. कुठून सुरुवात करू?

छापील वादविवादांच्या सूचीपासून. तिथे सदस्याच्या नावाखाली भाषणं, प्रश्न आणि मतविभागण्यांची पानं मिळतात. तेव्हा पक्षांतरबंदी नव्हती, त्यामुळे पक्षाविरुद्ध दिलेल्या मताला आजच्यापेक्षा कमी किंमत मोजावी लागे. मोजमाप करताना तेवढी सूट धरा.

वृत्तांतात जे नाही तेही शोधा. आणीबाणीत १९७६ साली पाचव्या लोकसभेची मुदत वाढवली गेली, तेव्हा तुरुंगातून दोघांनी राजीनामा दिला: पुण्यात वाढलेले आणि बिहारमधून निवडून गेलेले मधू लिमये, आणि जबलपूरचे तरुण खासदार शरद यादव. पाच वर्षांसाठी निवडून आलो, त्यापुढचा दिवस आमचा नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. यादव म्हणजे प्रश्न १५ मधलेच. एक जागा त्यांनी स्वतः सोडली, दुसरी चाळीस वर्षांनी काढून घेतली गेली, आणि या दोन्ही दिवसांचं मतविभागणीच्या यादीत एक पानही सापडायचं नाही.